‘पुढचा प्रशिक्षक कोण ?’ : मुंबई परिसरातील व्यावसायिक फुटबॉल संघ आणि त्यांचा पाठीराखा (इ.स. २००५ ते २०२५) – पनवेलच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

संघ सातत्याने हरू लागला की प्रेक्षकांत जी चर्चा सुरू होते, तिचा पहिला प्रश्न ‘संघ का हरतो ?’ हा असतो आणि दुसरा ‘आता प्रशिक्षक कोण ?’ हा. व्यवहारात पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वीच दुसऱ्याची उत्तरे तयार होतात. क्रीडा-इतिहासाच्या लेखनात सामने, करंडक व खेळाडू यांना जागा मिळते. ही चर्चा मात्र सामना संपताच विरून जाते असे समजून दुर्लक्षिली जाते. वास्तविक व्यावसायिक संघाच्या कारभारात सामान्य पाठीराख्याला काही म्हणण्याचा अधिकार वाटतो तो या एकाच प्रश्नावर. खेळाडूंचे करार, मैदानाचे भाडे, भागभांडवल या गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात. प्रशिक्षक मात्र रेषेवर उभा असतो, सर्वांना दिसतो आणि त्याचे चुकते ते आपल्याला समजते असे प्रत्येकाला वाटते.

प्रस्तुत लेखात मुंबई परिसरातील व्यावसायिक फुटबॉल संघांच्या गेल्या दोन दशकांतील प्रशिक्षक-बदलांचा मागोवा घेऊन त्यामागील वादाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. पनवेलचा संदर्भ घेण्याचे कारण असे की, या परिसरातील प्रेक्षक मुंबईच्या संघाचा असूनही मुंबईचा नाही. तो या संघांच्या जवळ आला आणि पुन्हा दूर फेकला गेला, तोही त्याच्या स्वतःच्या इच्छेने नव्हे.

प्रशिक्षक ही कल्पना आणि मराठी परंपरा :

मराठी समाजाला ‘शिकविणारा’ नवा नाही. तालमीतील वस्ताद, शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांसारखे ‘सर’, कबड्डी मंडळातील जुना खेळाडू ही आपल्याकडील परिचित रूपे होत. या सर्वांत एक समान गोष्ट आढळते. वस्तादाला कोणी काढून टाकत नाही. पटले नाही तर पैलवान तालीम सोडतो, वस्ताद तालीम सोडत नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये हा क्रम नेमका उलटा होतो : खेळाडू करारबद्ध असल्याने राहतात आणि गुरू जातो. प्रशिक्षकाला हटवावे की नाही या वादात आपल्याकडील जुन्या प्रेक्षकाला जो संकोच वाटतो त्याचे मूळ येथे असावे, असे म्हणण्यास जागा आहे.

याला कोल्हापूरचा अपवाद महत्त्वाचा आहे. तेथे फुटबॉल तालमींच्या नावानेच खेळला जातो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशा संघांचा पाठीराखा हा त्या पेठेचा रहिवासीच असतो आणि शाहू स्टेडियमवरील सामन्याचा निकाल रात्री पेठेतल्या कट्ट्यावर उलगडला जातो. संघ कोणाचा, हा प्रश्न तेथे पडतच नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच वातावरणातून पुढे आला. मुंबईत अशी पेठ नव्हती. तेथे कंपन्या होत्या.

मुंबईचा फुटबॉल जुना खरा. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची स्थापना १९११ मध्ये झाली आणि सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स जिंकून एक प्रशिक्षक संघाचे काय करू शकतो हे मुंबईकरांना कूपरेजवर दाखवून दिले. परंतु शहरातील बलाढ्य संघ हे कॅलटेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र अशा आस्थापनांचे होते. खेळाडू कंपनीचा नोकर आणि प्रशिक्षकाची नेमणूक ही कचेरीतील बाब. ज्याचा पगार आपण देत नाही आणि ज्याच्या कंपनीत आपण नोकरीला नाही, त्याला हटवा असे म्हणणारा प्रेक्षक तेथे निर्माण होणे कठीण होते.

कोलकात्याचे तसे नव्हते. मोहन बागान व ईस्ट बंगाल या सभासदांच्या संस्था. तेथे निवडणुका होतात आणि प्रशिक्षक हा त्या निवडणुकांचाही विषय होतो. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यास सॉल्ट लेक मैदानावर एक लाख एकतीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले, ते जेवढे खेळाडूंसाठी तेवढेच पी. के. बॅनर्जी आणि अमल दत्त या दोन प्रशिक्षकांमधील झुंज पाहण्यासाठी. दत्त यांच्या ‘डायमंड’ रचनेची चर्चा आठवडाभर घरोघर झाली होती. ईस्ट बंगालने तो सामना ४–१ असा जिंकला. मुंबईत प्रशिक्षकाच्या नावाने असा दिवस कधी उगवला नाही.

महिंद्र युनायटेड : यशाचा आणि समाप्तीचा धडा :

महिंद्र युनायटेडने २००५–०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. हे विजेतेपद मिळविणारा तो मुंबईचा पहिला संघ. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. त्यापूर्वी इंग्लंडच्या डेव्हिड बूथ यांच्या कारकिर्दीत संघाने २००३ चा फेडरेशन चषक मिळविला होता. म्हणजे परदेशी चांगला की देशी, या वादाची दोन्ही उत्तरे एकाच संघाच्या इतिहासात अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने सापडतात. पुढे २००८ चा ड्युरँड चषकही या संघाने जिंकला. आणि २०१० मध्ये व्यवस्थापनाने संघ बंद केला.

या घटनेचे महत्त्व वेगळे आहे. संघ चांगला खेळत असूनही बंद होऊ शकतो, हे मुंबईच्या पाठीराख्याने तेव्हा पाहिले. जेथे संघाचे असणेच मालकाच्या मर्जीवर, तेथे प्रशिक्षकावरचा वाद ही एक प्रकारची चैन ठरते. पुण्यातही हेच घडले. परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे एफसीने २०१२–१३ मध्ये आय-लीगचे उपविजेतेपद मिळविले आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत तो संघ उरला नाही. ज्या प्रशिक्षकाच्या बाजूने सारे पुरावे होते, त्याने घडविलेले दोन्ही संघ नाहीसे झाले.

मुंबई एफसी आणि खालिद जमील (२००९–२०१६) :

या विषयाचे खरे मर्म मुंबई एफसीच्या इतिहासात आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. हा संघ २००७ मध्ये स्थापन झाला. पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथच होते आणि त्यांनी वर्षभरात द्वितीय श्रेणी जिंकून संघाला आय-लीगमध्ये आणले. २००९ मध्ये, खेळाडू म्हणून कारकीर्द संपवून नुकतेच मैदानाबाहेर आलेले खालिद जमील यांच्याकडे सूत्रे देण्यात आली. कुवेतमध्ये जन्मलेले, महिंद्र व एअर इंडियाकडून खेळलेले हे मधल्या फळीतील खेळाडू तेव्हा बत्तीस वर्षांचे होते.

त्यानंतरचे सात हंगाम जमील यांनी एकच काम केले : संघ खाली घसरू दिला नाही. भारतीय फुटबॉलमध्ये सात वर्षे एका प्रशिक्षकाने एका संघात काढणे ही तशी विलक्षण गोष्ट. पैसा बेताचा, नामवंत खेळाडू जवळजवळ नाहीत. काही हंगामांत तर कूपरेज उपलब्ध नसल्याने ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. अशा स्थितीत जमील यांनी बचाव पक्का ठेवून, लांब चेंडू टाकून, एक-एक गुण गोळा करण्याची पद्धत स्वीकारली. संघ वर्षानुवर्षे तगला, पण विजेतेपदाच्या जवळपासही गेला नाही.

पाठीराख्यांच्या वादाला येथेच तोंड फुटते. ‘संघ टिकतो आहे, यातच प्रशिक्षकाचे यश’ असे म्हणणारा एक पक्ष आणि ‘केवळ टिकण्यासाठी संघ असतो काय ?’ असे विचारणारा दुसरा. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. दर शनिवारी संध्याकाळी पैसे आणि वेळ खर्चून येणाऱ्या माणसाला खेळ पाहावासा वाटणे गैर नाही. शून्य-शून्यच्या बरोबरीने त्याचे पोट भरत नाही. पण घरखर्च ओढून-ताणून चालविणाऱ्या माणसाला ‘तुझ्या घरात सणासुदीचे पक्वान्न का नाही’ असे विचारण्यासारखेही ते होते. प्रशिक्षकाच्या शैलीवर होणारी टीका ही पुष्कळदा मालकाच्या तिजोरीवरची टीका असते. ती चुकीच्या पत्त्यावर पोहोचते इतकेच.

२०१६ मध्ये जमील गेले. त्यांच्या जागी आलेले संतोष कश्यप हे काही अननुभवी नव्हते. त्यांनी मोहन बागान सांभाळला होता आणि २०१४–१५ मध्ये शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोह या नवख्या संघाला आय-लीगमध्ये तिसऱ्या स्थानावर नेले होते. मुंबईत मात्र काही जमेना. हंगाम चालू असतानाच त्यांना बाजूला करून स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन यांना आणण्यात आले. त्यानेही घसरण थांबली नाही. दहा संघांच्या २०१६–१७ च्या आय-लीगमध्ये मुंबई एफसी अखेरच्या स्थानावर राहिला, खालच्या श्रेणीत गेला आणि नंतर व्यावसायिक फुटबॉलमधून दिसेनासा झाला.

त्याच हंगामात जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे होते. हा संघ आदल्या वर्षी मैदानावर घसरलेलाच होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्याने त्याला पुन्हा जागा देण्यात आली होती. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे लाजाँगविरुद्ध १–१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने आय-लीग जिंकली. ईशान्य भारतात गेलेले ते पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद होय. मुंबईकडून खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता हेही त्या संघात होते. मुंबईचा संघ तळाला आणि मुंबईने जाऊ दिलेला प्रशिक्षक शिखरावर, तेही एकाच तक्त्यावर, हे दृश्य इतके ठसठशीत होते की ‘पाहा, आम्ही म्हणत होतो’ असे म्हणण्याचा मोह जमीलपक्षीयांना आवरणे शक्य नव्हते.

इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथे जरा थांबले पाहिजे. जमील गेले म्हणून संघ बुडाला, असे सिद्ध होत नाही. मुंबईतील प्रेक्षक, जाहिरातदार आणि वृत्तपत्रांचे लक्ष तोवर इंडियन सुपर लीगकडे वळले होते आणि जुन्या क्लबांचा श्वास सर्वत्रच कोंडला होता. शिवाय पुढच्याच वर्षी, २०१७–१८ मध्ये, तेच जमील ईस्ट बंगालकडे गेले आणि संघ चौथा आला. कोलकात्याचा पाठीराखा ऐझॉलच्या पुण्याईवर समाधान मानणारा नव्हता. एका हंगामातच त्यांना जावे लागले. माणूस तोच, पद्धतही बहुतांशी तीच. तरीही निष्पत्ती वेगळी झाली, कारण एका ठिकाणी ‘टिकणे’ हेच स्वप्न होते आणि दुसऱ्या ठिकाणी ते अपमानास्पद मानले गेले. हाच न्याय स्पेनच्या अँटोनिओ हबास यांनाही लागू पडतो. २०१४ मध्ये कोलकात्याला पहिले सुपर लीग विजेतेपद मिळवून देणारे हबास २०१६ मध्ये पुण्यात आले, आणि पुण्याचा संघ आठांत सहावाच राहिला. विजेतेपद सामानाच्या पेटीतून आणता येत नाही.

नेरूळचे दोन हंगाम :

आता पनवेलकडे वळणे सोयीचे होईल. पनवेल हे खाडीकाठचे जुने व्यापारी गाव, १८५२ मध्ये नगरपालिका लाभलेले. त्याचा मैदानी खेळ म्हणजे रायगड जिल्ह्याचा सर्वमान्य खेळ कबड्डी, आणि नंतर अर्थातच क्रिकेट. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईची वसाहत पुढील दशकांत पसरत नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे व खारघरपर्यंत आली, तशी येथील लोकसंख्या बदलली. केरळ, बंगाल, गोवा, ईशान्येकडील राज्ये अशा फुटबॉलप्रिय प्रांतांतील कुटुंबे शेजारी राहू लागली. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत पोहोचली. २००८ मध्ये नेरूळला डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुलाचे भव्य मैदान उभे राहिले, परंतु ते क्रिकेटसाठी.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबई सिटी एफसीने नेरूळ हे आपले घर केले. पनवेलहून निघाल्यावर खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स आणि सहावे स्थानक नेरूळ. संध्याकाळी सातचा सामना पाहून रात्री जेवायला घरी येता येईल, असे प्रथम श्रेणीचे व्यावसायिक फुटबॉल या परिसराला इतिहासात प्रथमच मिळाले. त्याआधी कूपरेजला जाणे म्हणजे शेवटच्या लोकलचे गणित मांडणे. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी झालेल्या पहिल्याच घरच्या सामन्यात मुंबईने पुण्याला ५–० असे हरविले आणि ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने या लीगमधील पहिली हॅट्‌ट्रिक नोंदविली. केरळचा संघ आला की पाहुण्यांच्या पिवळ्या जर्सी घातलेले प्रेक्षकही मोठ्या संख्येने याच लोकलने येत. नवी मुंबईच्या जडणघडणीचा तो एक बोलका पुरावा म्हणावा लागेल.

पण पाच-शून्यचा आनंद टिकला नाही. प्रशिक्षक होते पीटर रीड. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडकडून खेळलेले, संडरलँडसारखा इंग्लिश संघ अनेक वर्षे सांभाळलेले. आठ संघांत मुंबई सातवी आली. वादाचे स्वरूप या ठिकाणी मुंबई एफसीपेक्षा वेगळे होते. भारतीय खेळाडूंची निवड जुलैमध्ये ड्राफ्ट पद्धतीने झाली आणि प्रशिक्षक आला त्यानंतर. ज्याने संघ निवडलाच नाही त्याला जबाबदार कसे धरावे ? साखळीत सामने अवघे चौदा. लागोपाठ तीन पराभव झाले की पंचमांश हंगाम संपला. खेळाडूंची नावे पाठ होईपर्यंत प्रशिक्षक मायदेशी परततो, अशी ही रचना होती.

दुसऱ्या वर्षी मुंबईने जो मार्ग निवडला तो आजही चकित करतो. फ्रान्सचा ख्यातनाम आघाडीपटू निकोलस आनेल्का, जो पहिल्या वर्षी खेळाडू होता, त्यालाच खेळाडू-प्रशिक्षक करण्यात आले. त्याला मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव जवळपास नव्हता. येथे ‘नाव’ आणि ‘काम’ यांतील फरक नेरूळच्या प्रेक्षकाला प्रत्यक्ष पाहायला मिळाला. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी सुनील छेत्रीने ईशान्य भारताच्या संघाविरुद्ध याच मैदानावर हॅट्‌ट्रिक केली. सुपर लीगमध्ये भारतीय खेळाडूची ती पहिली. आणि तीन आठवड्यांच्या आत, १७ नोव्हेंबरला, मडगावला गोव्याकडून ०–७ असा पराभव पत्करावा लागला. हंगामाअखेर संघ सहावा. आनेल्काच्या जागी कोण, हा प्रश्न कोणी विचारायचे बाकी ठेवले नाही.

उत्तर चांगले मिळाले. कोस्टा रिकाला दोन विश्वचषकांत मार्गदर्शन केलेले अलेक्झांड्रे गिमाराएस २०१६ मध्ये आले. त्यांनी बचाव आधी बांधला, दिएगो फोर्लानसारख्या खेळाडूला त्याच्या पुढे ठेवले आणि मुंबई प्रथमच साखळीत अव्वल राहिली. उपांत्य फेरीत कोलकात्याने रोखले तो भाग वेगळा. मात्र ज्या वर्षी संघ सुधारला त्याच वर्षी त्याचे घर अंधेरीच्या मैदानावर हलले. दोन वर्षे पराभव पाहिलेल्या पनवेल-खारघरच्या प्रेक्षकाला विजय पाहण्यासाठी आता वडाळ्यामार्गे दीड-दोन तासांचा प्रवास करावा लागणार होता आणि परतताना तेवढाच. त्याच्या मताला या निर्णयात स्थान नव्हते. प्रशिक्षक कोण हवा यावर त्याने तावातावाने भांडावे, पण संघ कोठे खेळेल हे त्याने वर्तमानपत्रात वाचावे, ही व्यावसायिक फुटबॉलमधील विभागणी येथे उघडी पडते.

मालकी, धीर आणि रिकामी मैदाने :

पुण्याची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती एकाच गोष्टीची पुनरावृत्ती आहे. एफसी पुणे सिटीने पाच हंगामांत फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, हबास, रांको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल, हंगामी म्हणून प्रद्युम रेड्डी आणि अखेरीस फिल ब्राऊन इतके प्रशिक्षक पाहिले. यांपैकी पोर्तुगाल यांना २०१८ मध्ये मोजक्याच सामन्यांनंतर निरोप मिळाला. पोपोविच यांच्या हंगामात संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि नेमके तेच पुढच्या हंगामात नव्हते. २०१९ मध्ये संघ विसर्जित होऊन त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीत ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवून घेणाऱ्या पाठीराख्यांपुढे पुढचा प्रशिक्षक कोण हा प्रश्नच उरला नाही.

मुंबई सिटीचा मार्ग वेगळा झाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के मालकी घेतल्यानंतर. त्याच सुमारास, जानेवारी २०२० च्या अखेरीस, गोव्याने आघाडीवर असलेल्या संघाचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना हंगाम संपण्यापूर्वीच पदावरून दूर केले. गोव्याने क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाती सूत्रे देऊन साखळीची ढाल जिंकली खरी, पण लोबेरा मुंबईला आले आणि त्यांच्यामागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस, मंदार राव देसाई असे गोव्याचे मोहरेही आले. हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक हटविणे हा फुटबॉलचा नेहमीचा रिवाज. जिंकणाऱ्या संघाचा हटविला तर तो प्रतिस्पर्ध्याच्या पदरात पडतो, हे गोव्याने अनुभवले. २०२०–२१ मध्ये मुंबईने गोव्यालाच उपांत्य फेरीत पेनल्टीवर नमवून पुढे १३ मार्च २०२१ रोजी एटीके मोहन बागानचा २–१ असा पराभव केला. साखळीची ढाल आणि करंडक एकाच वर्षी.

परंतु तो सारा हंगाम करोनाच्या साथीमुळे गोव्यातील बंद मैदानांवर खेळला गेला. सात वर्षे वाट पाहिलेले विजेतेपद मुंबईच्या प्रेक्षकाने घरी दूरचित्रवाणीवर पाहिले. अंतराचा प्रश्न त्या एका वर्षापुरता मिटला; अंधेरीचा आणि पनवेलचा पाठीराखा प्रथमच सारख्याच अंतरावर होता. लोबेरांनंतर डेस बकिंगहॅम व त्यांच्यानंतर पीटर क्रॅटकी आले. बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडला गेले तेव्हा हंगाम चालू होता, तरी क्रॅटकी यांच्या संघाने ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३–१ असे हरवून पुन्हा करंडक जिंकला. प्रशिक्षक मध्येच बदलूनही संघ का ढासळला नाही, याचे कारण त्या दोघांच्या गुणांइतकेच खेळाडू-निवडीची आणि खेळाच्या पद्धतीची सूत्रे प्रशिक्षकाच्या वरच्या पातळीवर असण्यात आहे. पाठीराख्यांच्या वादात या पातळीवरच्या माणसांची नावे क्वचितच येतात.

भारतीय प्रशिक्षकाचा प्रश्न :

या सर्व यादीत एक गोष्ट नजरेत भरते. सुपर लीगमधील मुंबई व पुणे संघांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून कायमस्वरूपी भारतीयाची निवड केली नाही. देशी माणूस आला तो हंगामी म्हणून. लीगच्या पहिल्या वर्षांत हे सर्वच संघांच्या बाबतीत खरे होते. परदेशी नावामुळे तिकिटे खपतात, ही समजूत त्यामागे होती. भारतीय प्रशिक्षकांकडे उच्च श्रेणीचे परवाने कमी, हेही कारण होते. पण ज्याला काम दिले जात नाही त्याला अनुभव कोठून मिळणार, हा वादातला मुद्दा कधीच खोडला गेला नाही.

तो खोडला गेला नाही, पण कृतीने मागे पडला, आणि त्याचे श्रेय पुन्हा खालिद जमील यांच्याकडेच जाते. जानेवारी २०२१ मध्ये ईशान्य भारताच्या नॉर्थईस्ट युनायटेडने आपला प्रशिक्षक हटवून त्यांच्याकडे हंगामी जबाबदारी दिली; संघ अपराजित राहत बाद फेरीत पोहोचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून कायम करण्यात आले. सुपर लीगमध्ये असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. पुढे जमशेदपूरला त्यांनी २०२४–२५ मध्ये उपांत्य फेरीत नेले. १ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांची राष्ट्रीय पुरुष संघाच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती केली. अंतिम तिघांत त्यांच्यासोबत स्टीफन कॉन्स्टंटाईन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान टार्कोविच होते. २०११–१२ मधील साविओ मदेरा यांच्यानंतर भारताला भारतीय प्रशिक्षक मिळण्यास तेरा वर्षे लागली.

मुंबईतील जुन्या वादाचे दोन्ही पक्ष या नियुक्तीनंतर पुन्हा उभे राहिले, फक्त संघ आता देशाचा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य आशियाई स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान मिळविले, तेव्हा ‘बचाव आधी’ या पद्धतीचे कौतुक झाले. १४ ऑक्टोबरला मडगावला सिंगापूरने २–१ असे हरविल्याने २०२७ च्या आशियाई चषकाची दारे बंद झाली आणि १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडूनही ०–१ अशी हार झाली, तेव्हा त्याच पद्धतीवर तीच टीका झाली जी दहा वर्षांपूर्वी कूपरेजवर होत असे.

पनवेल परिसरात या काळात एक वेगळे बांधकाम झाले आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत, खारघर येथे सिडकोने फुटबॉलचे उत्कृष्टता केंद्र उभारले. नेरूळच्या मैदानाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा स्पेन विरुद्ध माली हा उपांत्य सामना पाहिला आणि ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, ज्यात स्पेनने कोलंबियाला १–० असे हरविले. मैदाने आहेत, लोकल आहे, प्रेक्षकही आहे. हार्बर मार्गाच्या या टोकाला ज्याला आपला म्हणता येईल असा व्यावसायिक संघ मात्र २०१५ च्या हंगामानंतर आलेला नाही. येथील पाठीराख्याने मुंबई सिटीच्या प्रशिक्षकावर वाद घालायचा तो अंधेरीहून परतणाऱ्या गाडीत, आणि ती गाडी मानखुर्दपर्यंत येता येता डब्यातील निळ्या जर्सी एकेक करून उतरून गेलेल्या असतात.